देवघरातला मोबाइल

फॅक्टरीच्या गेटवर रोज आपला मोबाइल जमा करणाऱ्या मुरलीधरनं घरीही तोच कायदा लावला होता. दिवेलागणीला नववीतल्या अवंतीनं मोबाइल देवघरात ठेवायचा आणि आरती झाली की त्यानं तो उघडून पाहायचा.

"बाबा, तुम्ही तर पूरे चौकीदार झाले," ती कुरकुरायची.

त्या दिवशी गढा भागातल्या देवळातलं कीर्तन ऐकून तो डोळे पुसतच घरी आला. लेकरांवर विश्वास टाका, असं बुवांनी किती आळवून सांगितलं होतं! देवघरात मोबाइल होताच. त्यानं देवाला नुसते हात जोडले आणि हलक्या मनानं जेवायला बसला.

सकाळी चहा पिता पिता तो म्हणाला, "बेटा, काल मी तुझा मोबाइल पाहिलाच नाही. आता कधीच पाहणार नाही."

अवंतीचे डोळे भरून आले. "काहून नाही पाहिला, बाबा? एक माणूस मला धमक्या देऊन राहिला."

मुरलीधरनं कप खाली ठेवून तिला जवळ ओढलं.

त्याच्या खांद्यात तोंड खुपसून ती म्हणाली, "रोज त्याचे मेसेज पुसूनच मोबाइल ठेवायची मी. काल हिंमत करून तसेच राहू दिले होते."