बदली मावशी

“उशीर केलात. धरा याला,” असं म्हणून पाळणाघराच्या ताईंनी दारात उभ्या असलेल्या तपासनीस बाईंच्या कडेवर एक ओलं पोर ठेवलं आणि त्या आत निघूनही गेल्या.

ओळखपत्र काढायला बाईंनी पर्समध्ये हात घातला होता, तो तसाच राहिला. आतून ताईंचा फोनवरचा आवाज चांगला खणखणीत ऐकू येत होता. रोजच्या मावशींचा पाय मुरगळलाय, पण काळजी नको, बदली मावशी आल्या आहेत, असं त्या कुणाला तरी सांगत होत्या. बाईंच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. ही बदली मावशी म्हणजे दुसरं तिसरं कुणी नाही, आपणच.

कचेरीत बाईंना पाठीमागे ‘दुर्बीण’ म्हणत, आणि बाईंना ते ठाऊक होतं, आवडतही होतं. पाळणाघरांचा नियम सरळ होता. पाच मुलांमागे एक मोठं माणूस, तेही दिवसभर. माणूस कमी भरलं की दाराला कुलूप. या पाळणाघरात माणूस कमी असतं अशी कुजबुज खात्यात होती, पण बाईंचे दोन सहकारी इथून हात हलवत परतले होते. आता खरी मावशी पाय धरून घरी बसलेली, दहा पोरं आणि एकट्या ताई. अशी आयती शिकार सोडायला बाई काही कच्च्या गुरूच्या चेल्या नव्हत्या. कुलूप लागलं तर उद्या दहा घरांतल्या आया कामावर कशा जाणार, हा प्रश्न नियमावलीत नव्हता. त्यांनी ओळखपत्र पर्सच्या तळाशी ढकललं, पदर खोचला आणि तोंडाला कुलूप घातलं.

ताईंनी कामाची वाटणी लगेच केली. खिडकीकडची पाच तुमची, दाराकडची पाच माझी. हात साबणाने धुवायचे, कोपरापर्यंत. नखं बघू. ही अशी नखं घेऊन लहान मुलांत येतात का, असं म्हणून त्यांनी बाईंच्या हातात नेलकटर दिला. गेली वीस वर्षं लोकांची नखं तपासणाऱ्या बाईंनी मुकाट्याने आपली नखं कापली.

मग जे सुरू झालं त्याला ना शेंडा होता ना बुडखा. कडेवरच्या पोराचं नाव काही का असेना, सगळे त्याला भोंगा म्हणत. तो रडायचा, मधेच थांबून कोण कोण ऐकतंय ते बघायचा आणि पुन्हा सुरू करायचा. एका मुलीला दुसऱ्यांचे मोजे काढायचा नाद होता. एक साडेतीन वर्षांची ठेंगणी बाईंच्या मागे मागे फिरत होती आणि त्यांचं काय काय चुकतंय ते सांगत होती. चड्डी उलटी घातली. चमचा मोठा आणला. बाईंनी गाजराचा लगदा भरवला, त्यातला निम्मा त्यांच्याच ब्लाउजवर आला. नाकं पुसली, सांडलेलं पुसलं, एकाला पॉटीवर बसवलं आणि तो उठायच्या आत दुसऱ्याला धरलं. मधे एकदा कंबर टेकावी म्हणून त्या खुर्चीवर बसल्या, तर ताई तिकडून म्हणाल्या की बसून कसं चालेल मावशी, पाच जण आहेत तुमच्याकडे.

दुपारी पोरं झोपली. भोंगा तेवढा झोपेना. बाईंनी त्याला खांद्यावर घेऊन थोपटायला सुरुवात केली. त्यांचा स्वतःचा मुलगा त्यांच्या आईनेच वाढवला होता. तेव्हा त्या खात्याच्या परीक्षा देत होत्या. भोंग्याने थोडं रडून पाहिलं, मग त्यांच्या मानेत नाक खुपसलं आणि तो झोपला. बाईंना फार बरं वाटलं. आपण इथे कशासाठी आलोय हे आठवलं आणि बरं वाटल्याचा रागही आला. तरी त्याला खाली ठेवायला त्यांना अंमळ वेळच लागला.

संध्याकाळी आया आल्या, बाप आले, एकेक पोर घरी गेलं. शेवटचा भोंगा गेला. जाताना तो बाईंकडे हात करून रडला, आणि या वेळी कोण ऐकतंय ते त्याने बघितलं नाही. बाईंनी घसा साफ केला. पर्सच्या तळातून ओळखपत्र काढून ताईंच्या समोर धरलं. त्यांचा आवाज आता कचेरीतला झाला होता.

“मी खात्याकडून आले आहे. दोन गोष्टी. दहा मुलांमागे तुम्ही एकट्याच होतात. आणि एका अनोळखी बाईच्या हातात, नाव न विचारता, दिवसभर मुलं दिलीत.”

ताई घाबरतील, हातापाया पडतील, अशी बाईंची अपेक्षा होती. ताई शांतपणे सतरंजीची घडी घालत राहिल्या. दुसरं टोक त्यांनी बाईंकडे दिलं. सवयीने बाईंनी ते धरलंही.

“एकटी कुठे? सकाळपासून दोघी होतो. पाच तुमच्याकडे, पाच माझ्याकडे. त्यात काही कमी-जास्त झालं असेल तर सांगा.”

“पण मी कोण, कुठली, तुम्हाला काय माहीत?” बाईंचा आवाज चढला. “तो गुन्हा तर त्याहून मोठा आहे.”

ताईंनी घडी घातलेली सतरंजी कपाटात ठेवली आणि त्या पहिल्यांदाच हसल्या.

“दारात आल्या आल्या तुम्ही आधी आग विझवायचं नळकांडं बघितलंत, मग पोरांकडे. तेव्हाच ओळखलं, बाई. ओळखलं नसतं, तर तुमच्या कडेवर पोर दिलं असतं का मी?”