कबुली

तिच्या उभ्या गाडीचं दार चेपवून कुणीतरी निघून गेलं होतं. समोरच्या औषधांच्या दुकानातल्या कॅमेऱ्यात नंबर सापडला, तशी ती लेकीला कडेवर घेऊन, चांगलं फैलावर घ्यायचं ठरवून त्या घरी पोहोचली.

दार एका आजोबांनी उघडलं. मागोमाग त्यांची सूनही आली.

"हो, मीच ठोकली," आजोबांनी लगेच सांगून टाकलं. "घाबरलो आणि पळालो. चुकलं माझं, पोरी."

"बाबा, शोभतं का हे?" सून कडाडली. "नातवाला रोज शाळेत सोडता, हेच शिकवणार त्याला?"

आजोबांनी नुसती मान डोलावली.

पण दारात उभ्या असलेल्या तिने कॅमेऱ्यातलं ते चित्रण दहा वेळा पाहिलं होतं. ठोकर बसल्यावर आजोबांची गाडी पळाली नव्हतीच. ती सावकाश पुढे गेली होती, वळणावर व्यवस्थित इंडिकेटर देऊन.

"आजोबा," ती हळूच म्हणाली, "तुम्हाला कळलंच नव्हतं ना, धक्का लागला ते?"

आजोबा कडेवरच्या लेकराकडे बघत राहिले. मग त्यांनी खिशातली गाडीची किल्ली काढून सुनेच्या हातात ठेवली.

"लबाड ठरलो असतो, तर गाडी चालवता तरी आली असती गं."