पयली वायर

दारातली मोटरगाडी पुन्हा खोकलली, फाडकन वाजली आणि बंद पडली. कुंपणावरचा कोंबडा खाली पडला. सकाळपासून दर आवाजाला तो असाच पडत होता आणि पुन्हा वर चढत होता. जमुनाला वाटलं, जिद्द अगदी आपल्या धन्यांसारखी आहे.

“मिसिंग मारून राहिली,” शेषराव मिस्त्री म्हणाला. ते साऱ्या जठारपेठेला ऐकू गेलंच होतं.

शेषराव खरा पिठाच्या गिरणीचा मिस्त्री. मोटरींचा मिस्त्री लग्नासाठी अमरावतीला गेला होता, म्हणून याला बोलावलं. गिरणीच्या इंजिनात सिलिंडर सडाफटिंग असतो, त्यामुळे घोळ व्हायला वावच नसतो. इथे चार होते, आणि काल जमुनाच्या धन्यांनी त्या चारींचे प्लग स्वतःच्या हाताने काढून साफ केले होते. त्याआधी मोटर बरी चालत होती. मागच्या दिवाळीत त्यांनी भिंतीवरचं घड्याळ असंच साफ केलं होतं. तेव्हापासून त्या घरातले लोक वेळ शेजारी जाऊन विचारून येत.

आज जमुनाला मूर्तिजापूरला जायचं होतं. धाकट्या शकुनचं डोहाळजेवण होतं. सासूबाईंना, म्हणजे सुंदराबाईंना, विचारलं तेव्हा सुपातली डाळ पाखडता पाखडता त्या म्हणाल्या होत्या, “मोटर चालली तं जाय.”

नुसतं ‘जाय’. लग्न होऊन आल्यापासून जमुना हाच कोरडा शब्द ऐकत होती. माहेरी निघालं, जाय. जत्रेला निघालं, जाय. पाहुणा निघाला, जाय. अंगणात शिरलेल्या कुत्र्यालाही त्या हेच म्हणत, फक्त त्याला जरा मायेनं. जमुनाला माहेरी तर जायचंच होतं. पण या बाईनं कधीतरी मनापासून धाडावं, एवढी तिची आस होती.

मोटर सासऱ्यांची. गोरे साहेब देश सोडून निघाले, तेव्हा त्यांच्यातल्या कोणाकडून तरी त्यांनी ती घेतली होती. सासरे गेले, मोटर राहिली. सुंदराबाई तिच्यात कधी बसत नसत, पण रोज सकाळी पदरानं बॉनेट पुसत.

“भाऊसायेब, वायरा बदलल्या तुमच्यानं,” शेषराव प्लगच्या वायरी जिथे जमतात ती काळी टोपी दाखवत म्हणाला. “या काया टोपीले चार भोकं. कोणत्या भोकात कोणती वायर होती?”

“ते हिनं ध्यानात ठेवलं होतं,” धनी म्हणाले. “ही वायर हातात घेऊन मी इचारलं, हे कोणती? तं म्हणे, पयली.”

“मंग?”

“मंग काय? पयली म्हणजे अगोदरची. मले वाटलं, अगोदर लावली ते चुकली म्हणते. म्हणून ते काढली अन् तिच्या जागी हे खोचली.”

शेषराव जमुनाकडे वळला. “वयनी, पयली म्हणजे नंबर, का पयलेची?”

“पयली,” जमुना म्हणाली.

“कालची पयली का आजची?”

“पयली म्हणजे... पयलीच.”

शेषरावनं वायरींची अदलाबदल केली. धन्यांनी हँडल फिरवलं. मोटरनं असा बार काढला की कोंबडा उठून शेजारी राहायला गेला. धन्यांनी ती वायर पुन्हा उपटून हातात धरली.

“अवो, नंबर सांगा वयनी, नंबर! गिरणीवर दाणे मोजतानी दोन, तीन, चार धडाधड म्हणता. मंग याच वायरीपाशी काहून अडता?”

जमुनानं हळूच बोट वर केलं. धनी वर पाहू लागले. शेषरावही पाहू लागला. वर कडुनिंब होता.

“जाऊ दे,” धनी वर पाहतच म्हणाले. “भंगारात देऊन टाकतो.”

ओसरीवर सुपाचा आवाज थांबला. सुंदराबाईंनी मान वर केली नाही, पण डाळ तशीच राहिली.

जमुनाला ते पाहवलं नाही. त्या घरात बायकांनी नवऱ्याचं नाव घ्यायचं नसे. नावाशी जुळणारा शब्दही तोंडात आणायचा नसे. धान्य मोजताना पहिल्या मापाला सगळेच ‘लाभ’ म्हणतात, म्हणून तिथे तिचं निभावत होतं. वायरीला लाभ कोण म्हणणार? सूट होती ती फक्त उखाण्यात. तिनं डोक्यावरचा पदर सावरला आणि भर गल्लीत, पिठाच्या मिस्त्रीसमोर, उखाणा घेतला:

“चार वायरा, चार भोकं, कारागीर माहा नेक,
एकनाथरावांच्या हाती हाय वायर नंबर एक!”

एकनाथरावांनी खाली पाहिलं. आता त्यांचं नाव सांगायला हरकत नाही. शेषरावनं त्यांच्या हातातली वायर घेऊन तिच्या भोकात बसवली, दुसरी तिच्या जागी लावली. हँडलचा अर्धा फेरा झाला आणि मोटर अशी गुमान चालू लागली की खात्री करायला शेषरावला बॉनेटवर हात ठेवून पाहावा लागला.

जमुना ओसरीवर गेली आणि वाकून नमस्कार केला.

“आत्याबाई, जाऊ मी?”

“नवऱ्याचं नाव साऱ्या जठारपेठेले ऐकवलं तुनं,” सुंदराबाई म्हणाल्या. “आता मले काय इचारून राहिली?”

सुंदराबाई गुडघ्यावर हात टेकून उठल्या, तिला मागे ठेवून मोटरीपाशी गेल्या. चालत्या इंजिनाची थरथर तळहाताला लागेल असा हात त्यांनी बॉनेटवर ठेवला आणि बराच वेळ तसाच ठेवला. ओठ हलले, थांबले, पुन्हा हलले.

“जाय बाई,” त्या म्हणाल्या. मग नव्या नवरीसारखा पदर तोंडाला लावला आणि पदराआडून म्हणाल्या, “खुशाल जाय.”

एकनाथरावांनी चमकून आईकडे पाहिलं. त्यांच्या वडिलांचं नाव खुशालराव होतं.