चौथा नवा

"हे बघ, पाटीवर ठेव. एकेका खाचेत एक स्क्रू. सगळ्या खाचा भरल्या की झाले दहा. मग पिशवीत ओत," तिने तिसऱ्यांदा सांगितलं.

"मला मोजता येतं हो, ताई."

"येतं ना? मग हे नऊ कसे?"

नव्याने स्क्रू टेबलावर ओतले, बोटाने ढकलत मोजले आणि ओशाळून हसला. नऊच होते. तिच्या मस्तकात तिडीक गेली.

यंदाचा हा चौथा नवा. आधीचे तिघे महिनाभरही टिकले नव्हते. एकजण चहा प्यायला म्हणून गेला तो उगवलाच नाही. दर वेळी मॅडम नव्याला तिच्या शेजारच्या स्टुलावर आणून बसवायच्या आणि म्हणायच्या, "याला सांभाळून घे गं. तुझ्याइतकं इथलं कुणाला येत नाही." झालं! एकोणीस वर्षं ती सांभाळूनच घेत होती.

हा तर नगच होता. वडिलांनी कुणाकुणाच्या हातापाया पडून त्याला इथे चिकटवला होता. सकाळी गाडीने सोडायला तेच यायचे. काम अंगावर आलं की हा मोबाइलमध्ये तोंड खुपसायचा आणि कुणी बोललं की संडासात जाऊन बसायचा.

आज ही थेरं परवडणारी नव्हती. चार वाजता कारखान्याचे साहेब येणार होते. दोनशे पिशव्या, प्रत्येकीत दहा स्क्रू, दहा वायसर. माल चोख निघाला तर या टेबलावरचं एक माणूस त्यांच्या पॅकिंग खात्यात पक्कं कामाला लागणार होतं. एकोणीस वर्षांत इथून कुणीही, कुठेही लागलं नव्हतं. घरी दादा रोज विचारायचा, "काय, आज किती उजेड पाडलास?" आज त्याच्या तोंडावर उत्तर मारायचं होतं.

समोर गुणगुण्या वायसर भरत होता. दिवसभर तो एकच सूर धरून असायचा. बोलायचा क्वचित, पण नेमकं.

"नवा गेला," तो म्हणाला.

खरंच, स्टूल रिकामं. तिने जाऊन संडासाचं दार धडाधडा वाजवलं.

"बाहेर ये! तुझं कोण निस्तरणार, तुझा बाप?"

कडी निघाली. नव्याचे डोळे लाल झाले होते. "मला हे जमत नाही, ताई. तुम्ही नसलात तर मी इथे एक दिवस टिकणार नाही."

"आधी हात चालव. रडगाणं नंतर गा."

त्याने भरलेल्या साठ पिशव्या तिने उघडल्या. कुठे अकरा, कुठे नऊ, एकीत तर वायसरच नाहीत. जेवणाचा डबा तसाच ठेवून तिने एकेक पिशवी पाटीवर रिकामी केली, खाचा भरल्या, पुन्हा बांधली. पाठीचा पार काटा ढिला झाला. गुणगुण्याने सूर बंद करून हात लावला. नवा बाजूला बसून नखं खात होता.

चारला साहेब आले. कुठल्याही वीस पिशव्या उचलून त्यांनी फोडल्या. दहा. दहा. दहा.

"वा! एक दाणा इकडचा तिकडे नाही. हे टेबल कोण चालवतं?"

"ती," गुणगुण्याने बोट दाखवलं.

साहेबांनी मान डोलावली. "छान. मग सोमवारपासून एक माणूस पाठवा."

तिने घामेजले तळहात ओढणीला पुसले.

"त्याआधी प्रशिक्षकांचा शेरा लागतो," मॅडम म्हणाल्या. त्यांनी कपाटातून 'दिव्यांग कार्यशाळा : प्रशिक्षणार्थी' असं लिहिलेली फाइल काढली, पेनचं टोपण उघडलं आणि पेन नव्याच्या हातात दिलं.

नव्याने एकदाच तिच्याकडे पाहिलं. मग मान खाली घालून, तिचा फोटो चिकटवलेल्या कागदावर त्याने लिहिलं : 'सतत देखरेख लागते. बाहेर कामाला पाठवण्यायोग्य नाही.'