नव्या वायरलेसची चाचणी

"बाई, तुमचा हा रिपोर्ट खरा धरला तर सगळी खरेदीच थांबवावी लागेल," समितीचे अध्यक्ष चष्म्यावरून बघत म्हणाले. "खाडीवर आवाजच पोचत नाही म्हणता?"

"नाही पोचत, सर." हवालदार मेघना उभी राहिली. ठाण्याच्या त्या सभागृहात तिला जागा मिळाली होती ती पार मागची, प्लायवूडच्या पार्टिशनला लागून. पुढे सगळे साहेबलोक. एसी नुसता घरघरत होता.

पोलिसांच्या नव्या वायरलेस सेटसाठी सरकारने निधी दिला होता. चाचणीचे सेट आज पास झाले की तसलेच जिल्हाभर वाटले जाणार होते. सगळं कसं बिनबोभाट चाललं होतं; मेघनाचा तेवढा एकपानी रिपोर्ट आडवा आला.

गेल्या महिन्यात कळव्याच्या खाडीवर रेतीचोरांनी हवालदार देवरामना गाठलं. नव्या सेटवरून त्यांनी सतरा वेळा मदत मागितली. एकही हाक पोचली नाही आणि दोन बरगड्या मोडल्या. हॉस्पिटलात त्यांनी मेघनाचा हात घट्ट धरला होता. "तू लिही पोरी. उद्या कुणाचा तरी जीव जाईल. साक्षीला मी येतो." तिला वायरलेस शिकवला तो याच देवरामदादांनी. तिने डोळे झाकून लिहिलं. साहेबांनी बदलीचा दम भरला, तरी कागद मागे घेतला नाही.

आज सकाळपासून ती दाराकडे बघत होती. दादांचा पत्ता नव्हता, फोनही उचलत नव्हते.

"वादच कशाला, सर?" तिचे साहेब गोड हसत म्हणाले. "खाडीवर माणूस उभाच केलाय. मेघना, तूच कर कॉल."

सेट हातात आला तसं तिला हायसं वाटलं. सगळ्यांसमोर एकदा नुसती खरखर ऐकू आली की काम झालं. मग साक्षही नको. तिने बटण दाबलं.

"खाडी पॉइंट, खाडी पॉइंट. आवाज येतोय का? ओव्हर."

"येतोय. हवालदार देवराम, खाडी पॉइंटवरून बोलतोय. आवाज एकदम क्लिअर. ओव्हर."

पुढच्या रांगेत टाळ्या पडल्या. मेघनाने मात्र मान वळवून पार्टिशनकडे पाहिलं. तो आवाज तिला दोनदा ऐकू आला होता. आधी पाठीमागच्या प्लायवूडमधून, मग हातातल्या सेटमधून.

ज्याच्या शब्दावर नोकरी पणाला लावली, तो माणूस हातभर अंतरावर, पलीकडच्या खोलीत बसला होता. तिला संताप आला होता. रडूही येत होतं.

"ठीक आहे, मंजूर," अध्यक्ष म्हणाले. खुर्च्या सरकल्या. सगळे चहाकडे वळले.

तिने पुन्हा बटण दाबलं. "दादा, कुठून बोलताय? ओव्हर."

मग पार्टिशनपलीकडून, अगदी हळू, "चारच महिने राहिलेत गं पोरी, रिटायर व्हायला."

सेट गप्पच होता. दादांनी बटण दाबलंच नव्हतं.