पिपाणीवाली

सरितानं आतून कडी लावली, मोबाईल उशीला टेकवून उभा केला आणि हेडफोनची एक वायर कानात घातली. दुसरी सवयीनं तशीच लोंबत राहिली. तीन महिने राखून ठेवलेला शेवटचा भाग आज बघून टाकायचा, असं तिनं सकाळी भांडी घासतानाच ठरवलं होतं. उद्या घरमालकीण प्रमिलाबेन दुसऱ्या खाटेवर नवी मुलगी आणून बसवणार होत्या. त्यांचंही बरोबरच होतं. गलोंड्यासारख्या कारखान्यांच्या गावात एकटीनं आख्खी खोली किती दिवस अडवून ठेवायची?

ती दुसरी खाट ममताची. दोघी एकाच सुताच्या कारखान्यात, एकाच पाळीला. पाळीभर यंत्रांचा गोंगाट ऐकून कान किटलेले असायचे, आणि खोलीवर आल्या की या दोघी काय बघायच्या, तर जपानी कार्टून, तेही शाळेच्या बँडचं! निळ्या गणवेशातल्या पोरी, भला मोठा वाजंत्र्यांचा ताफा, छडी हलवणारे सर आणि मोठ्या शहरात होणारी स्पर्धा. बोलायच्या हिंदीत, म्हणून निभावलं. त्यातली तुतारीसारखं काहीतरी फुंकणारी बारकी पोरगी ममतानं आपली म्हणून धरली. तिचं जपानी नाव काही केल्या जिभेवर बसेना, मग ती पिपाणीवाली झाली. दुसरी एक होती, मांडीवर पितळेचा हंडा घेतल्यागत थोरलं वाद्य सांभाळत बसणारी. ती हंडेवाली सरिताच्या वाट्याला आली, आणि त्यावरून ममतानं तिला चिडवायचं काही बाकी ठेवलं नाही.

शेवटून दुसऱ्या भागात पिपाणीवालीच्या बापाची बदली झाली. स्पर्धा तोंडावर आली असताना ती गाव सोडून गेली. नेमका त्याच आठवड्यात ममताला शहाद्याहून घरचा फोन आला, पाहुणे बघायला येताहेत म्हणून. आठ दिवसांत येते, माझ्याबिगर पुढचं बघू नको, असं बजावून ती गेली. पाहुण्यांना मुलगी पसंत पडली आणि घाईघाईनं लग्नही उरकलं. सरिताला लग्नाला जायला सुटी मिळाली नाही. तेव्हापासून ममताचा फोन बंद.

सुरुवातीचं गाणं संपत आलं आणि मोबाईल वाजला. नंबर ओळखीचा नव्हता. सरिता वैतागून कट करणार होती, पण कुणी कारखान्यातलं असेल म्हणून तिनं हेडफोन उपसून उचलला.

"सरिते, मी बोलू राहिली. सासूचा फोन आहे. टाइम नाही माझ्याजवळ."

ममताचा आवाज ओळखला आणि सरिताला रागच आला. आठ दिवस म्हणाली होतीस ना, हे तिच्या तोंडावर फेकायचं सरितानं किती दिवस घोकून ठेवलं होतं. पण ममता बोलू देईल तर ना. नवरा चांगला आहे, म्हणाली. दोन म्हशी आहेत. मोबाईल नवऱ्याच्या खिशात असतो आणि टीव्ही सासूचा. एकदा तिनं कार्टून लावलं, तर घर हसून बेजार झालं; सूनबाईलाच झोपवायला पाळणा आणा म्हणे. कारखान्याचं नाव काढलं की मात्र कुणी हसत नाही, सगळ्यांची तोंडं वाकडी होतात. मग तिनं विचारलं, माझ्या खाटेवर कोणी आलं का?

कोणी नाही, सरिता म्हणाली. आजच्यापुरतं ते खरंच होतं.

पलीकडे कुणीतरी बाई, कोणाशी बोलतेस म्हणून विचारत होती. कंपनीच्या मॅडम आहेत, कागदाचं विचारताहेत, असं ममतानं अगदी सहज सांगितलं. मग तिचा आवाज एकदम खाली आला.

"तू तर तो शेवटचा बघूनच टाकला असशील. माझी पिपाणीवाली परत आली का? एवढंच सांग."

सरिताला तरी काय माहीत? बघितला नाही म्हणावं, तर इतके दिवस तुझ्यासाठी थांबले हे सांगितल्यासारखं होणार. ते आता सांगून तिला तिकडं रडवायचं कशाला? फोनमधून म्हशीच्या हंबरण्याचा आवाज आला आणि त्याच्याही जवळून कुणाच्या तरी चपलांचा.

"आली," सरिता म्हणाली.

"खरं?"

"वाजवायला सुरू करायच्या टाइमालाच आली. धावत आली. तिची खुर्ची हंडेवालीनं कोणालाच बसायला दिली नव्हती. सर ओरडले, तरी नाही दिली."

सरितानं दोनदा ममताचं नाव घेतलं, मग मोबाईल कानापासून दूर धरून पाहिला. फोन कट झाला होता. कधी झाला, आपण खुर्चीचं बोललो त्याच्या आधी की नंतर, ते तिला कळलं नाही. उलटा फोन लावायची सोय नव्हती, तो सासूच्या हातात वाजला असता.

इतक्यात कार्टून आपलं आपण पुढं सुरू झालं. स्पर्धेचं सभागृह गच्च भरलं होतं. पडदा वर गेला. एकेका रांगेतल्या पोरी आपापली वाद्यं घेऊन येत होत्या, खुर्च्या ओढून बसत होत्या. आधी बासरीवाल्या बसल्या, मग ढोलवाल्या.

पिपाण्यांची रांग दिसायच्या आत सरितानं मोबाईल पालथा घातला.