दहा हजार पावलं

शहापुरातल्या सुबरावांना शुगर निघाली, तशी पुण्यातल्या लेकीनं, मंजुश्रीनं, त्यांच्या फोनात पावलं मोजायचं ॲप टाकून दिलं. रोज दहा हजार पावलं भरली तरच रविवारी चमचाभर खव्याचा गोड कुंदा. आणि आकडा तिला तिकडं बसल्या जागी दिसणार!

पहिल्या दिवशी खासबागेपर्यंत जाऊन येता येता सुबराव मेटाकुटीला आले आणि भरली जेमतेम तीन हजार. दुसऱ्या दिवशी त्यांनी फोन फडक्यात गुंडाळला आणि घरच्या यंत्रमागाच्या मागंपुढं आदळणाऱ्या फणीला करकचून बांधला. दुपारच्या जेवणाआधीच बारा हजार! "आप्पा, लई भारी!" असा लेकीचा मेसेजही आला.

"चालतोय माग, आन् कुंदा तुम्हाला व्हय?" बायको ताराबाई करवादली. "मागालाच भरवते की."

"गप गं. पोरीला कळलं तर चमचाबी जाईल."

चार रविवार कुंदा गोड लागला. मग एका सकाळी फणीला लटकलेला फोन वाजू लागला. सुबरावांनी घाईघाईनं तो सोडवून कानाला लावला.

"आप्पा, बरं हाय न्हवं तुम्हास्नी?" मंजुश्री पार रडकुंडीला आली होती. "दोन तास झालं, एक पाऊल पडलं न्हाय तुमचं!"

लेकीची माया बघून सुबरावांना भरून आलं.



"काय झालं न्हाय गं बाळ. लाईट गेलीया. आली की लागतो बघ चालायला."